लाभ, दोन, तीन

पूर्णगडच्या जेटीवर एक म्हणत नाही कुणी.
टोपलीत पहिला बांगडा पडतो तो लाभ,
मग दोन, मग तीन.
मी सोसायटीचा कारकून. अकरा वर्षं
वहीत लाभाचा एक करून लिहितो
आणि दर वेळी काहीतरी हातचं सुटल्यासारखं वाटतं.

आज मुलगी सहा दिवसांची झाली.
तृतीयेची, म्हणजे आज अष्टमी.
आठ पाऊण सहा.
तिथीची पाऊणकी केली की भरतीची वेळ,
हे राघू तांडेलला घड्याळाआधी येत होतं.
मला शाळेत ते 'आठ, पावणेसहा' असं ऐकू आलं,
आणि एका अष्टमीला मी खरंच पावणेसहाला
खाडीवर जाऊन उभा राहिलो.
पंधरा मिनिटं पाणी चढतच होतं.
मग नांगरावरच्या होड्या
एकेक करून तोंड फिरवायला लागल्या.

तेव्हापासून सहा मला आवडतो.
त्याला स्वतःला सोडलं तर भागणारे तिघंच:
लाभ, दोन, तीन.
मिळवा, सहा. गुणा, सहा.
आठाचे मिळवले तर सातच भरतात.
नऊ दिसतो मोठा, झडती घेतली तर खिशात चार.
बाराचे सोळा होतात,
दाऊद होडेकरच्या डिझेलच्या बिलासारखे.
ताळा फक्त सहाचा लागतो.
परिपूर्ण संख्या म्हणतात अशीला.
यानंतरची थेट अठ्ठावीस;
मधले सगळे आपल्यातलेच,
देणं-घेणं न जुळलेले.

संध्याकाळी द्वारका आत्यानं पाटा मांडला,
वरवंट्याला हळद लावली,
शेजारी कोरा कागद आणि पेन.
"टोपण काढून ठेव. ती काय टोपण काढीत बसणार हाय?
नि तू कायपण लिवू नको."
सटवाई आज रात्री येते, कपाळावर लिहिते,
खोडायला पुन्हा येत नाही.
मी विचारलं, सहाव्याच रात्री का?
आत्या वात सारखी करत राहिली.
"पाच दिवस बगायचा, ऱ्हातंय का जातंय.
मग लिवायचा."
तिची दोन पाच दिवसांच्या आत गेली.
त्यांच्या वेळी कागद आणावाच लागला नव्हता.

रात्री मी एकटा जागा.
सुगंधा भिंतीकडे तोंड करून झोपलेली,
पोर तिच्या कुशीत मुठी आवळून.
अर्धा चंद्र पाण्याला टेकत आलेला.
भांगाचं पाणी, धड वर नाही, धड खाली नाही.
सहाची भरती, सहा तासांनी ओहोटी,
बाराला तळ दिसायला हवा होता.
बारा वाजून दहा झाले, तरी उतरतंच होतं.

समुद्राचा सहा आमच्या सहाहून जरा मोठा.
दर खेपेला बाराएक मिनिटं शिल्लक,
चार खेपांचे झाले पाऊण तास,
म्हणून उद्याची भरती उद्याच्याच वेळेला येते.
त्याचा ताळा लागला असता
तर सगळ्या तिथी सारख्या झाल्या असत्या
आणि राघूला काही पाठ करावं लागलं नसतं.

कागदावरून एक मुंगी चालली होती,
सहा पायांनी, तिरकी, कुठे न थांबता.
मी पेन उचललं.
दोन अक्षरं तर लिहायची होती.
आत्या अंधारातून खाकरली.
मी पेन होतं तिथे ठेवलं, उघडंच.

पहाटे आत्यानं कागदाची घडी केली,
न बघता, कनवटीला खोचली.
"वाचायचा नसतो," म्हणाली.
मला वाटतं कोरा होता. एका कोपऱ्याला
समईचं तेल लागलं होतं, एवढं दिसलं.

जेटीवर राघूची होडी लागली.
टोपली सरकवली, पहिला बांगडा पडला.
लाभ, तो ओरडला.
मी वहीत लाभच लिहिला,
आकड्यांच्या रकान्यात, शाईनं.
ऑडिटर विचारेल.
मार्चला अजून अवकाश आहे.
दोन, राघू म्हणाला.
तीन.